भागाकारावरचा विश्वास

निव्वळ मृत्यूंची टक्केवारी मांडून दोन आयसीयूंची तुलना करू नये, एवढं मला सुरुवातीपासून पटलेलं होतं. ज्याच्याकडे जास्त गंभीर पेशंट, त्याच्याकडे जास्त मृत्यू. माझा विश्वास होता तो पुढच्या पायरीवर, 'अपाचे २' स्कोअरवर. १९८५ साली अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांतले ५,८१५ पेशंट तपासून तो प्रसिद्ध झाला. पहिल्या २४ तासांत रक्तदाब, पोटॅशियम, क्रिएटिनिन अशा बारा गोष्टींचे जे सगळ्यात वाईट आकडे आले ते घ्यायचे, त्यात वय आणि जुने आजार मिळवायचे, आजाराचा प्रकार पाहून किती मृत्यू अपेक्षित होते ते काढायचं आणि झालेल्या मृत्यूंना त्याने भागायचं. उत्तर एकाच्या खाली आलं की आयसीयू चांगला, असं मी बैठकांतून ठासून सांगायचो.

हा विश्वास डळमळीत केला तो मण्यारीने.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडतो. पेशंट आमच्यापर्यंत येतो तेव्हा घशात नळी असते. चिमटा काढला तरी बोट हलत नाही. शुद्ध मोजणारा ग्लासगो स्कोअर ३. पंधरातून तीन गेले, म्हणजे अपाचेत एकदम १२ गुण. कागदावर मेंदू गेल्यात जमा, पण लुळे पडलेत ते स्नायू. आतला माणूस बऱ्याचदा जागा असतो, आपलं बोलणं ऐकत असतो. (त्याच्या उशाशी बिलाची चर्चा करू नका, हे प्रत्येक नव्या सिस्टरला सांगावं लागतं. डॉक्टरांनाही.) अँटीव्हेनम आणि व्हेंटिलेटर वेळेवर मिळाला की यातले बरेचजण चालत घरी जातात. स्कोअरच्या आजारांच्या यादीत सर्पदंशाला रकानाच नाही. हंगामात असे पेशंट भरपूर आले की अपेक्षित मृत्यू फुगतात आणि तालुक्याचा आयसीयू महानगरातल्या मोठ्या आयसीयूवर सहज मात करतो. तिकडे येतात ते यकृत निकामी झालेले, दोन ठिकाणी उपचार घेऊन आलेले. आधीच्या औषधांनी आकडे तेवढे सावरलेले असतात, म्हणून स्कोअर कमी भरतो.

बरं, पहिल्या दिवशी आमच्याच हलगर्जीपणाने रक्तदाब कोसळला, तर स्कोअर चढतो, अपेक्षित मृत्यू वाढतात आणि भागाकार सुधारतो! हे लक्षात आल्यावर मी बैठकीत ठासून बोलणं सोडलं.

स्कोअर मी आजही भरून घेतो. त्याच्याशिवाय तर नुसता अंधार. पण त्यावरून रुग्णालयांची क्रमवारी लावू नये, असं माझं आता स्पष्ट मत आहे. आकडा चांगला येवो की वाईट, आधी ॲडमिशनचं रजिस्टर उघडावं, मग डिस्चार्जचं. पैसे संपले, आशा संपली की नातेवाईक सही करून पेशंट घरी नेतात. आम्ही त्याला 'डामा' म्हणतो. मृत्यू घरी होतो, आमच्या हिशेबात तो पेशंट जिवंत राहतो. आता अशा घरी आम्ही महिन्याने फोन करतो. काहीजण फोन उचलत नाहीत, काहींचे नंबर बंद असतात. त्यांना कुठल्या बाजूला धरायचं, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.