सतार सोडून साताऱ्याला

साताऱ्याच्या शाळेत मला मास्तरकी लागली, त्या दिवशी अब्बा एवढंच म्हणाले, "सतार सोडून साताऱ्याला चालला." तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

आम्ही मिरजेचे सतारमेकर. मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तो धंदा बसला. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन वाद्यदुरुस्तीकडे वळले, मग वाद्यंच घडवू लागले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य मिरजेत झालं. मिरजेचा तंबोरा देशभर गेला.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा, तूणच्या लाकडाची दांडी. हे सारं हाताला शिकवता येतं. जवारी मात्र कानाचं काम. घोडीचा माथा कानसून असा उतरता करायचा, की तार त्याला टेकली पाहिजे पण अडता कामा नये. मग तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आवाज उमलतो. त्याला माप नाही. अब्बा डोळे मिटून बसत, तेव्हा अम्मी भांडंसुद्धा वाजू देत नसे.

जमातीत कुणी टोचायचं, वाजवणं हराम, मग बनवणं काय? अब्बा म्हणत, "मी सुताराचं काम करतो." असरची नमाज पढून येत आणि पुन्हा कानस उचलत.

१९८०नंतर इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, नंतर तो मोबाइलमध्ये शिरला. एवढं मोठं वाद्य रेल्वेतून कोण नेणार? शिवाय आमचा माल पन्नास वर्षं टिकायचा, गिऱ्हाईक परत यायचं कशाला! पोरं गॅरेजला लागली, आखातात गेली. मी कुणाला नावं ठेवू? एक तारखेचा पगार मलाही गोडच लागला.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आडनाव पाहून मला अभिनंदनाचे फोन आले. अब्बा जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती.

त्या रविवारी माळ्यावरचा त्यांचा शेवटचा तंबोरा खाली काढला. जवारी राहिली होती. बेतानं कानस फिरवली, तार चढवली, तासभर दोरा सरकवत राहिलो. शेजारी मुलगी अभ्यास करीत होती. वहीतून मान वर न करता म्हणाली, "अब्बा, थांबा. आत्ता लागलं होतं."

मला ऐकू आलं नव्हतं.