‘आई’चे सहा तुकडे

आपण नवा संगणक आणतो तेव्हा त्याच्या पोटात सगळा संसार आधीच मांडलेला असतो. बटण दाबलं, पडदा उजळला, झालं काम! पण जगात अशीही हौशी माणसं आहेत, ज्यांना मांडलेला संसार नको असतो. ‘पीठ विकतचं नको, आम्हीच दळू’ म्हणणारी. अशा लोकांसाठी जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ साली एक पुस्तक सुरू केलं. त्याचं नाव ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’, म्हणजे शून्यापासून लिनक्स. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेलच. या पुस्तकात त्या गाभ्याभोवतीचा एकेक प्रोग्राम मूळ मजकुरापासून स्वतः कसा तयार करायचा, ते क्रमाने दिलं आहे. पुस्तक फुकट मिळतं. खर्च होतो तो वेळ!

मलाही ती हौस आली. नवा लिनक्स जुन्या लिनक्सच्या पोटातच वाढवायचा असतो, म्हणून लिहायची खिडकी जुन्याची आणि आत राबणारे प्रोग्राम नवे, अशी गंमत होती. काम थोडं पुढे सरकल्यावर मी त्या बाळ-लिनक्समध्ये एक फाइल केली आणि तिला नाव दिलं ‘आई’. मग त्याला म्हटलं, तुझ्याकडच्या फायलींची यादी दाखव. यादीत काय दिसावं? ३४०, २४४, २०६, ३४०, २४४, २१०. आई कुठेच नाही, नुसती आकड्यांची माळ!

संगणक बिघडला होता का? मुळीच नाही. त्याला जेवढं शिकवलं होतं, तेवढं तो बरोबर सांगत होता.

संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला क्रमांक द्यावा लागतो. १९६३ मध्ये अमेरिकेत ‘आस्की’ नावाचा असा एक तक्ता ठरला. त्यात जागा १२८. इंग्रजी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं यांतच तो संपतो. मग जपानी, अरबी, तमिळ, मराठी यांनी जायचं कुठे? ज्याने त्याने आपापले तक्ते केले. एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या संगणकावर गेलं, की त्याचा पार विचका व्हायचा. यावर उपाय म्हणून जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच मोठा तक्ता करायचं ठरलं. तो युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात देवनागरीला १२८ घरांची स्वतंत्र आळी मिळाली.

क्रमांक तर ठरले, पण ते साठवायचे कसे? १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक हे दोघे अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एका खाणावळीत जेवायला बसले होते. तिथे ताटाखाली अंथरायच्या कागदावर थॉम्प्सन यांनी एक युक्ती मांडली. तीच ‘यूटीएफ-८’. या युक्तीत इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं आणि देवनागरीच्या एका खुणेला तीन बाइट लागतात. आता त्या माळेकडे पुन्हा बघा. पहिले तीन आकडे मिळून ‘आ’, पुढचे तीन मिळून ‘ई’. माझ्या बाळ-लिनक्सला हे तीन-तीन एकत्र वाचायचे असतात, हेच कुणी सांगितलं नव्हतं. एक अक्षर पुसायला गेलं, तर तो ‘ई’चा तिसरा हिस्सा तेवढा पुसायचा!

हे सांगण्याचं काम ‘लोकेल’चं. लोकेल म्हणजे एखाद्या भाषेच्या आणि मुलखाच्या रीतीभातींची नोंद. मराठीच्या नोंदीचं नाव ‘एमआर-आयएन’. एमआर म्हणजे मराठी, आयएन म्हणजे इंडिया. कोंकणीचीही अशी वेगळी नोंद आहे. ती उघडून पाहिली तर साधी मजकुराची फाइल निघते. वारांची नावं कोणती, महिन्यांची कोणती, तारीख कशी लिहायची, पैसे कसे मोजायचे, ‘हो’ कशाला म्हणायचं, असे खण त्यात असतात. जानेवारी ते डिसेंबर, रविवार ते शनिवार, सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं! ते वाचताना मला फार बरं वाटलं. संगणकाला मराठी आपोआप येत नाही. कुणीतरी आपला वेळ खर्चून ती त्याच्यात घातलेली असते.

पुस्तकातल्या क्रमाप्रमाणे लोकेलची पाळी आली तेव्हा मी ‘लोकेलडेफ’ हा प्रोग्राम चालवला. त्याला सांगायचं इतकंच : नोंद मराठीची घे, साठवण यूटीएफ-८ ची घे, दोन्ही जोडून लोकेल तयार कर. एका ओळीचं काम. मग ‘भाषा हीच’ असं बजावलं आणि यादी पुन्हा मागितली. आता तिथे स्वच्छ ‘आई’ होती! शब्दात अक्षरं किती, विचारलं. आधी सहा म्हणणारा आता दोन म्हणाला. आज वार कोणता, तर ‘सोमवार’. खरं सांगतो, एवढ्याशा उत्तराने मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली.

पण गोष्ट इथे संपत नाही हं! सगळं बांधून झाल्यावर संगणक नव्या लिनक्सवर सुरू केला, आणि काळ्या पडद्यावर ‘आई’च्या जागी पुन्हा भलत्याच खुणा. घाबरलो नाही. अक्षरं मोजायला लावली, उत्तर दोनच आलं. म्हणजे त्याला कळत होतं, फक्त काढून दाखवता येत नव्हतं. लिनक्सच्या त्या साध्या पडद्याला फार तर ५१२ आकृत्या ठेवता येतात, आणि काना-वेलांटी, जोडाक्षरं जुळवणं त्याला जमत नाही. त्यासाठी चित्रांचा पडदा आणि देवनागरी फॉन्ट पुढे वेगळे बांधावे लागतात. ओळखणं निराळं, काढणं निराळं. बालवाडीतल्या मुलालाही ‘ज्ञ’ ओळखता येतो, पण काढायला वेळ लागतोच की!

आणखी एक गंमत. ‘माशी’ आणि ‘माळ’ यांत आधी कोण? आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर, म्हणून आधी माशी, मग माळ. पण युनिकोडच्या आळीत ‘ळ’चं घर ‘ल’ला लागून आहे, कारण सगळ्या भारतीय लिप्या सारख्या क्रमाने मांडायच्या होत्या. म्हणून नुसत्या क्रमांकावर चालणारा संगणक माळ आधी ठेवतो. यात युनिकोडचं चुकलं असं नाही. मराठीचा क्रम सांगायची जागा लोकेलमध्ये आहे, आणि तो मराठी माणसानेच तपासायला हवा. आपला ‘ळ’ कुठे बसतो, हे परक्याला काय ठाऊक? ही नोंद सर्वांना खुली असते. तीत काही चुकलेलं दिसलं, तर तुम्हीसुद्धा कळवू शकता.

तर या रविवारी एक करा. ‘ळ’ असलेले दहा शब्द लिहा : काळ, केळं, बाळ, शाळा... त्यांच्या शेजारी कावळा, केस, बाहुली, शाई असे शब्द मिसळा. आधी वर्णमालेप्रमाणे स्वतः लावा, आईबाबांकडून तपासून घ्या, आणि मग घरच्या किंवा शाळेतल्या संगणकाला तेच शब्द लावायला सांगा. कावळा आधी आला की काळ? पाहा बरं, तुमच्या संगणकाला मराठी किती शिकवलेली आहे ते!