जवळच्या जोड्या

लखनौत मराठी माणूस भेटला की लोक संगीतज्ञ भातखंड्यांचं नाव काढतात आणि ‘आप गाते हैं?’ असं विचारतात. मी गात नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपलेला जुना, सर्वांना खुला झालेला डेटा इथे गोमतीकाठी बसून साफ करतो.

साफ करायचा म्हणजे काय टाकायचं ते ठरवायचं. खोडदच्या 30 अँटेनांपैकी 14 किलोमीटरभराच्या चौकात दाटीने उभ्या आहेत. उरलेल्या इंग्रजी वायसारख्या तीन हातांवर लांबवर पसरल्या आहेत. दुर्बीण अँटेनांच्या जोड्या जुळवून पाहते; लांबच्या जोड्या बारीक तपशील देतात. आकाशातलं मोठं, पसरट, फिकट असं काही असेल तर ते जवळच्या जोड्याच पकडतात. पंचाईत अशी, की विजेच्या तारांचा आणि प्रक्षेपणांचा गोंगाटही सर्वाधिक यांच्यातच घुसतो. नवशिके त्या जोड्या सरसकट फ्लॅग करून, म्हणजे बाद ठरवून, मोकळे होतात आणि चित्र लगेच देखणं येतं. मला असल्या देखण्या चित्रांचा संशय येतो, आणि त्याचं कारण कृष्णविवरांत आहे.

कृष्णविवर सगळं गिळतं, असं म्हणतात. सक्रिय कृष्णविवर बरंच काही बाहेरही फेकतं. त्याचे झोत दीर्घिकेभोवतीच्या तप्त वायूत पोकळ्या कोरतात आणि तो वायू निवू देत नाहीत. वायू निवला असता, तर त्यातून कितीतरी नवे तारे घडले असते. झोत थांबल्यावर त्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ओसरते. वरच्या वारंवारतांचा प्रकाश आधी विझतो, खालच्यांचा रेंगाळतो. म्हणजे जुन्या झोताची खूण फिकट, पसरट आणि नेमकी त्या बदनाम जोड्यांत.

भुजंगधारीतल्या दीर्घिकासमूहाचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. अंतर सुमारे 39 कोटी प्रकाशवर्षं. 2016 साली नॉर्बर्ट वेर्नर आणि सहकाऱ्यांना चंद्रा दुर्बिणीच्या क्ष-किरण चित्रात वायूची एक विचित्र वळलेली कड दिसली. ती पोकळीची भिंत असेल, ही शक्यता त्यांनी तपासली आणि सोडून दिली; लागणारी ऊर्जा अवाच्या सवा होती. 2020 साली सिमोना जिआचिंतुच्ची यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए या रेडिओ दुर्बिणीचा आणि आपल्या खोडदचा डेटा त्यावर ठेवला. कडेच्या आतली जागा रेडिओ प्रकाशाने भरलेली निघाली. पंधरा आकाशगंगा ओळीने मावतील एवढी पोकळी! तोवरच्या विक्रमी उद्रेकाच्या पाचपट ऊर्जा.

आज तिथे झोत दिसत नाही. सर्वांत थंड, दाट वायू मधल्या दीर्घिकेपासून सरकलेला आहे, त्यामुळे कृष्णविवराची रसद तुटली असावी. मला मात्र दुसरीच गोष्ट छळते. झोत सहसा दोन दिशांना सुटतात, इथे पोकळी एकच सापडली आहे. पलीकडचा वायू विरळ असेल आणि तिथली खूण लवकर विझली असेल, असं त्या गटाचं म्हणणं. पटण्यासारखं आहे. तरी असल्या डेटात जवळच्या जोड्यांवर फ्लॅग लावायची वेळ आली की मी ती पुढे ढकलतो.