कोण लागतं, काय लागतं

मार्चच्या शेवटी चंद्रपूरहून मूलकडे निघालं की जंगलातल्या एखाद्या वळणावर काचा बंद असल्या तरी गाडीत वास शिरतो. गोड, आंबूस, थोडा उग्र. "मोहफुलं पडाले लागली," ड्रायव्हर म्हणतो. पडण्याचं काम फुलांचं. 'लागली' हा वाक्यातला नुसता हरकाम्या. पण एका वर्षी मला तो हरकाम्याच दिसायला लागला. पाहा, इथेही आलाच.

निमित्त भाच्याचं. त्याला इंग्रजीत भाषांतर करायचं होतं. भूक लागली, वेळ लागतो, आग लागली, ठेच लागली, झोप लागली, निकाल लागला. प्रत्येक वाक्याला नवं क्रियापद शोधता शोधता तो वैतागला. "मावशी, आपल्याकडे एकच क्रियापद आहे का गं?" मी त्याला इंग्रजीतल्या 'रन'ची गोष्ट सांगितली. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्या एवढ्याशा शब्दाचे सहाशेच्या वर अर्थ मोजले आहेत. तो जरा शांत झाला.

तरी 'रन' आणि 'लागणे' यांच्या स्वभावात फरक आहे. 'रन'मध्ये बहुतेक वेळा कोणीतरी किंवा काहीतरी पळत असतं, चालवत असतं. 'लागणे' आलं की माझा 'मी' बाजूला होतो आणि 'मला' उरतो. मला तहान लागते. मला ऊन लागतं. करणारी तहान, करणारं ऊन. मी फक्त समोर सापडलेली. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५च्या वर सहज जातो, तेव्हा हे व्याकरण अंगाला कळतं. आमच्याकडे ऊन लागून माणूस आडवा होतो, मग कैरीचं पन्हं, कांद्याचा रस, ओलं फडकं. उन्हाने त्याला शोधून काढलं, असंच सगळे बोलतात.

जंगलाजवळ राहणाऱ्यांना ही भाषा सोयीची वाटत असावी. तिथे पुष्कळ गोष्टी माणसाच्या हातातल्या नसतात. वाघाचा माग लागतो किंवा लागत नाही. अस्वल पाठी लागतं. एखादं झाड कुणाला लाभतं, कुणाला बाधतं. आषाढात धानाचा रोवणा सुरू झाला की सगळं गाव चिखलात. आणि पाऊस लागून राहिला तर कोणाला बोलायचं?

पण या शब्दाची एक लबाडीही आहे. "जंगलाला आग लागली." कोणी लावली? वाक्यात कोणीच नाही. मोहाखालचा पालापाचोळा जाळला की पहाटे पडलेली फिकट पिवळी फुलं राखेवर उठून दिसतात, वेचायला सोपी जातात. तेंदूची झुडपं जाळली की कोवळी पानं भरभरून फुटतात, असंही मानलं जातं. सत्तर पानांचा एक पुडा, त्यावर मजुरी. पोट लागलेलं असतं ना प्रत्येकाला. म्हणून मी वेचणाऱ्यांना सरसकट दोष द्यायला धजत नाही. पण वाऱ्यावर ती आग डोंगर चढली की 'लावली'चं 'लागली' होतं, आणि एका काडीची जबाबदारी व्याकरणाच्या आड लपते.

याच शब्दाचं दुसरं रूप कचेरीत बसलेलं आहे: लागू. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर, धानोरा लागायच्या जरा आधी मेंढा लागतं. त्याला मेंढा-लेखा म्हणतात. गोंडांचं छोटं गाव. वनहक्काचा कायदा संसदेत मंजूर झाला डिसेंबर २००६मध्ये. लागू व्हायला वर्ष लागलं. मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क लागला २००९ साली. तरी बांबू अडलाच. बांबू गवत की झाड, गौण वनउपज की लाकूड, यावर कागद फिरत राहिले. कायद्यात बांबूचं नाव गौण वनउपजात स्पष्ट लिहिलेलं होतं, तरी! शेवटी एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं. तेव्हा कुठे गावच्या बांबूला गावचं नाव लागलं. आणि हे सगळं आपोआप नाही लागलं. मेंढ्याचे देवाजी तोफा आणि बाकीचे गावकरी वर्षानुवर्षं मागे लागले होते. 'मागे लागणे' हा मात्र कर्त्याचा प्रयोग आहे. तिथे 'मला' चालत नाही, 'मी' लागतो.

हा हरकाम्या दिसायला लागला त्या वर्षी मार्चमध्ये मूलच्या वाटेवर आम्ही गाडी थांबवली होती. उजाडत होतं. रस्त्यापासून दहा पावलांवर मोहाचं झाड, खाली पाला झाडून केलेलं स्वच्छ गोल अंगण. राख नव्हती, खराटा खोडाला टेकवलेला होता. एक म्हातारी उकिडवी बसून वेचत होती. बांबूची टोपली अर्धी भरलेली. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोनाची कोन लागतेस वो?"

मी आईच्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. ती थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मधलं नातं मला काही कळलं नाही.

"मंग मी तुजी मावशी लागतो," ती म्हणाली आणि टोपली माझ्याकडे सरकवली. "लाग वेचाले."