तळघरातले वर्ग

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून जाताना हिस्लॉप कॉलेज दिसलं की मला जेम्स लॉसन आठवतात. सैन्यभरतीला नकार दिला म्हणून अमेरिकेत तुरुंग भोगून आलेला हा तरुण १९५३ ते १९५६ इथे होता. मुलांचे खेळ घ्यायचा, गांधींचा सत्याग्रह समजून घ्यायचा. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यानं वाचली, तीही इथल्याच ‘नागपूर टाइम्स’मध्ये.

पुढे टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या एका चर्चच्या तळघरात लॉसन यांनी अहिंसक प्रतिकाराचे वर्ग सुरू केले. माझं मन त्या तळघराशी फार रेंगाळतं. मुलं यायची ती फिस्क, टेनेसी स्टेट, अमेरिकन बॅप्टिस्ट अशा कॉलेजांतून. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं बंद होती, तेव्हा कृष्णवर्णीयांसाठी उभी राहिलेली ही कॉलेजं. फिस्क तर १८६६ चं, गुलामगिरी संपल्याच्या पुढच्याच वर्षीचं.

जिथे कृष्णवर्णीयांना बसू देत नसत, तो दुकानातला खाण्याचा काउंटर तळघरात खुर्च्या मांडून तयार व्हायचा. काही जण गिऱ्हाईक होऊन बसत, काही जण गोऱ्या गुंडांची सोंगं घेत. शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली खेचत. रोजच्या मैत्रिणीला असली शिवी देताना त्या पोरांची जीभ किती जड झाली असेल! पडल्यावर डोकं कसं झाकायचं, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे अंगात मुरेपर्यंत चालायचं. खऱ्या काउंटरवर गुरू शेजारी नसणार होता. सगळी तालीम त्या गैरहजेरीसाठीच होती, असं मला वाटतं.

फेब्रुवारी १९६० मध्ये मुलं दुकानांतल्या खऱ्या काउंटरवर जाऊन बसली. मार्चमध्ये लॉसन ज्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकत होते, त्यानं त्यांना काढून टाकलं. १९ एप्रिलला चळवळीचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला, आणि हजारो माणसं निमूट चालत सिटी हॉलवर गेली. तिथे फिस्कच्या डायान नॅशनं महापौरांना सरळ विचारलं, केवळ रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे, असं तुम्हाला स्वतःला वाटतं का? महापौरांना ‘हो’ म्हणावं लागलं. ती तेव्हा २१ वर्षांची होती. १० मे रोजी काउंटर सगळ्यांना खुले झाले.

त्याच एप्रिलमध्ये रॅलेच्या शॉ विद्यापीठात एला बेकर यांनी ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांना एकत्र बोलावलं. त्या स्वतः शॉच्याच माजी विद्यार्थिनी, आणि तेव्हा चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचा कारभार बघत होत्या. या मुलांना आपल्या छत्राखाली घेणं किती सोपं होतं! पण तुमची संघटना तुमचीच असू द्या, असा आग्रह त्यांनी धरला. वडीलधाऱ्यांना हे मागे राहणं साधत नाही. मला म्हणूनच बेकरबाईंविषयी अपार आदर वाटतो.

१९६१ च्या मे महिन्यात बसप्रवासातला वर्णभेद मोडायला निघालेल्या ‘फ्रीडम रायडर्स’ची बस अलाबामात जाळली गेली. पहिली तुकडी थांबली, तेव्हा ती यात्रा पुढे न्यायचं नॅशव्हिलच्या मुलांनी ठरवलं. काहींनी निघण्यापूर्वी मृत्युपत्रं लिहिली. मॉन्टगोमेरीहून जॅक्सनला निघालेल्या बसमध्ये लॉसनही चढले, आणि जॅक्सनला उतरल्यावर सगळ्यांबरोबर तेही अटकेत गेले.