नंबराचे गाव

एस.टी.डी. बूथांच्या काळात देहूसारख्या गावातील बूथचालकास कोड तोंडपाठ असत. ०२३१ म्हटले की कोल्हापूर, ०२४० म्हटले की औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), हे त्यास डिरेक्टरी न उघडता सांगता येई. आकड्यांवरून गाव ओळखण्याच्या या विद्येवर कोणी मालकी सांगेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसते. अमेरिकेत मात्र ती सांगितली गेली. येणाऱ्या फोनच्या नंबरावरून त्याचे शहर व राज्य पडद्यावर दाखविण्यासंबंधीची पेटंटे सिएटलच्या सीक्विंट कंपनीकडे होती. त्यांच्या आधारे तिने २०११ साली डेलावेअरच्या न्यायालयात ॲपलविरुद्ध दावा लावला.

साहित्याच्या माणसाने यात लक्ष का घालावे? वर्गात कॉपीराइट समजावून देताना आम्ही सांगतो की, संरक्षण शब्दरचनेला असते, कल्पनेला नाही. पेटंटाचा न्याय निराळा. दुसऱ्याची एक ओळही न उचलता, स्वतःच्या बुद्धीने आज्ञावली लिहिली, तरी ती त्याच रीतीने चालत असल्यास अडविली जाऊ शकते. आमच्या परिभाषेत सांगायचे तर हा हक्क एखाद्या अभंगावर नव्हे, अभंग या रचनाप्रकारावरच. मुदत २० वर्षांची असल्यामुळे सतराव्या शतकातील तुकोबांना अडचण पडली नसती. ज्ञानदेवांचे समकालीन नामदेव मात्र नक्की सापडले असते!

आपला कायदा येथे सावध राहिला, हे आम्हांस मोलाचे वाटते. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावली 'पर से', म्हणजे निव्वळ आज्ञावली म्हणून, पेटंटास अपात्र ठरविली. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने उद्योगातील तांत्रिक उपयोग आणि हार्डवेअरशी सांगड असलेल्या आज्ञावलींसाठी दार किलकिले केले. २००५ साली संसदेने ते पुन्हा लावून घेतले. तरीही त्या दोन लॅटिन शब्दांवरचा खल संपलेला नाही. फरिद अल्लानी प्रकरणात २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, शोधातून तांत्रिक परिणाम साधत असेल, तर केवळ तो आज्ञावलीवर आधारलेला आहे एवढ्यावरून त्यास नकार देता येणार नाही. अमेरिकेतही २०१४ च्या 'ॲलिस' निकालाने अमूर्त कल्पना संगणकावर चढविल्याने पेटंटयोग्य होत नाही, असे ठरले. पण आमच्या शेजारी तळवड्याच्या आयटी पार्कात दिवसा नोकरी करून रात्री स्वतःचे ॲप लिहिणाऱ्या मुलाने ते अमेरिकेत विकायला ठेवले, की त्याला तिथलाच कायदा लागू. निकाल त्याच्या बाजूने लागेलही. तोवरची वकिलाची फी कोणी भरायची?

गंमत अशी की, ज्यासाठी एवढी भांडणे, ते 'ठिकाण' बहुधा ठिकाण नसतेच. आपल्याकडील मोबाईल नंबराच्या आरंभीच्या आकड्यांवरून कळते ते एवढेच, की तो मुळात कोणत्या दूरसंचार परिमंडळात दिला गेला. जुलै २०१५ पासून देशभर कोठेही गेले तरी जुना नंबर ठेवता येतो. चाकणच्या कारखान्यांत येऊन स्थिरावलेल्या कितीतरी माणसांनी तो ठेवलाही आहे. आमच्या घरची पाण्याची मोटार दुरुस्त करणारा कारागीर त्यांपैकीच एक. फोन वाजतो, पडद्यावर 'बिहार' उमटते, आणि पलीकडून स्वच्छ मराठीत ऐकू येते, "सर, इंद्रायणीच्या पुलावर आहे, दोन मिनिटांत पोचतो."