दिंडीचा जुना ट्रक

आषाढी वारींत श्रीतुकाराममहाराजांची पालखी लोणी काळभोरहून यवतला निघाली कीं आमच्या कासुर्डीवरून जाते. तिच्या मागेंपुढें दिंड्यांचे ट्रक असतात. वारकऱ्यांचें तें चालतें घरच: खालीं शिधा व भांडीं, वर अंथरुणें, मागें पाण्याची टांकी. आमच्या दिंडीचा ट्रक आतां बराच जुना झाला आहे. जमलेल्या वर्गणींतून त्यास नवा रंग, रोषणाई व मोठा कर्णा करावा, असें तरुण मंडळींचें म्हणणें पडलें. आम्हीं विरोध केला.

हौस आम्हांसही आहे. परंतु वरवंडच्या पुढें रोटीचा घाट लागतो, आणि गाडींत थकलेल्या वृद्ध बायका बसतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयानें कडक होऊन कडेस तडकतें. हवेच्या ब्रेकांच्या टांकींत दमट हवेचें पाणी सांठतें. तें रोज सोडावें लागतें. पिण्याच्या पाण्याचा भार तर कोणी मनावरच घेत नाहीं. २००० लिटर म्हणजे दोन टन! टांकी अर्धी रिकामी झाली कीं वळणावर पाणी एका अंगास धांवतें व गाडी कलते. म्हणून टांकींत भोकांचे आडवे पत्रे बसविले, टपावरचे तंबू खालीं आणिले. (सारें ओझें डोक्यावर लादण्याची आमच्याकडील रीत न्यारीच!)

उरल्या पैशांत बायकांच्या न्हाणीस कनात झाली. कर्णा राहिला, तरुण मंडळी अद्याप आमच्याशीं मोजकेंच बोलतात.